ईश्वरीच्या आईचा चेहरा

मंडळी, ऐका. आख्यान लावायच्या आधी एक प्रश्न विचारतो. म्हातारं दिसणं हा अपराध आहे का?

माना हलवू नका. देवळात बसलं की सगळेच 'नाही' म्हणतात. मीसुद्धा म्हणतो. मग पुढचं सांगा. अपराध नसेल, तर एका बाईला त्याची शिक्षा कशी झाली? कानापुढं सुरी लागली, गालाची कातडी उचलली गेली, रक्त गेलं. ही शिक्षा फर्मावली कुणी? पोलीस आले नाहीत, कोर्ट बसलं नाही, आणि शिक्षा मात्र झाली. आज आपल्याला तो न्यायाधीश शोधायचाय.

बापूसाहेब, पेटी जरा थांबवा. ही गोष्ट सुरात सांगायची नाही मला. सूर लागला की राग गोड होतो, आणि आज मला तो गोड करायचा नाही.

पुराणात एका राजाची कथा आहे. म्हातारपण नको झालं, म्हणून त्यानं पोटच्या मुलाकडं तारुण्य मागितलं. तुम्ही त्या राजाला नावं ठेवता. ठेवा. पण आज उलट घडतंय. आज लेकरू आईकडं तारुण्य मागतंय. त्याला काय म्हणाल?

तर ऐका. कृष्णाकाठी एक तालुक्याचं गाव. तिथं कालिंदीबाई शेटे नावाच्या शिक्षिका. कुठल्या शाळेत? मूकबधिर मुलांच्या. ज्या लेकरांना आईची हाकसुद्धा कधी ऐकू आली नाही, त्यांना ओठ बघून शब्द ओळखायला शिकवायचं, बोलायला शिकवायचं. निवृत्त झाल्या तरी घरी बसल्या नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन शाळेत हजर.

आता त्या मुलांसाठी बाई म्हणजे काय? चेहरा. तुम्हाला माझा आवाज ऐकू येतो म्हणून मी कसाही दिसलो तरी चालतं, आणि देवाच्या कृपेनं चाललंय. पण त्या मुलांना? बाईंच्या भुवया वर गेल्या, कपाळावर आठ्या पडल्या, की मुलांना कळायचं — प्रश्न विचारलाय. डोळ्यांच्या कडेला जाळं पडलं, की गंमत चाललीय. ओठ मुडपला, की आता रागावणार. अख्खं व्याकरण बाईंच्या सुरकुत्यांत होतं, मंडळी.

बाईंच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली, मूल नव्हतं. औषधं झाली, नवस झाले, आणि चाळिशी उलटल्यावर मुलगी झाली. देवानं दिली म्हणून नाव ठेवलं ईश्वरी. घरात आनंद मावेना.

पण ईश्वरी शाळेत जायला लागली आणि दाराशी मैत्रिणी काय म्हणाल्या? 'ईश्वरी, तुझी आजी आली न्यायला.' एकदा झालं, दोनदा झालं. पाचवीत गेल्यावर पोर आईला म्हणाली, 'तू गेटपर्यंत येऊ नकोस. कोपऱ्यावर थांब.' कालिंदीबाई कोपऱ्यावर थांबायला लागल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यावरच थांबत होत्या.

आता त्या पोरीवर रागावू नका. दहा वर्षांच्या पोरीला लाज कुणी शिकवली? मैत्रिणींनी. त्यांना कुणी शिकवलं? त्यांच्या घरी जेवताना कोण बोललं असेल, 'त्या ईश्वरीची आई म्हणजे काय गं, आजीच दिसते'? लेकरं आपलंच उष्टं बोलतात.

ईश्वरी मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली. तिथंच निखिल नावाच्या मुलाशी लग्न ठरलं. घराणं चांगलं. सासू माधवीताई, पन्नाशीच्या, टापटीप. पुण्यात एका हॉलमध्ये साखरपुडा झाला. कालिंदीबाई हातात ओटीचं ताट घेऊन पुढं उभ्या, आणि फोटोग्राफर म्हणाला, 'आजी, तुम्ही जरा बाजूला बसा. मुलीच्या आईंना पुढं येऊ द्या.'

कुणीतरी मागून म्हणालं, 'अहो, याच आई.'

आणि हॉल हसला. वाईट हेतूनं नाही हो. फोटोग्राफरची फजिती झाली म्हणून हसला. पण ताट धरून उभं कोण होतं? बाईंनी मुलीकडं बघितलं. मुलगीसुद्धा हसत होती. काय करावं सुचलं नाही की माणूस चारचौघांसारखं करतो, तशी हसत होती.

परतीच्या गाडीत ईश्वरी रडायला लागली. 'आई, हे फोटो जन्मभर राहणार. लग्नात पुन्हा असंच होणार.' आई म्हणाली, 'मग काय करू सांग.' तेव्हा तिनं सांगितलं. चेहऱ्याची शस्त्रक्रिया असते. हल्ली पुष्कळ जण करतात.

घरी आल्यावर कालिंदीबाईंनी यजमानांना विचारलं, 'मी खरंच एवढी वाईट दिसते का हो? करू का ते?' विश्वंभरराव भला माणूस. ते म्हणाले, 'तुझ्या मनाला येईल ते कर.'

बघा, इथं समोर बसलेल्या बायका हसल्या. का हसल्या, ते मला ठाऊक आहे. हे वाक्य प्रत्येक घरात आहे. ऐकायला किती मोकळं वाटतं नाही? पण या वाक्याचा खरा अर्थ काय? 'मला विचारू नकोस, उद्या काही झालं तर मी नव्हतो.' अहो, बायकोनं चाळीस वर्षांत एकदा विचारलं, मी कशी दिसते. त्याला उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. ते या माणसानं उच्चारलं नाही.

मिरजेला एक सर्जन होते, डॉक्टर कुलथे. भाजलेल्या, अपघातात सापडलेल्या माणसांचे चेहरे नीट करण्यात आयुष्य गेलेलं. मायलेकी आधी त्यांच्याकडं गेल्या. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. काय काय करता येतं? पापण्यांची जादा कातडी काढता येते. कपाळ वर उचलता येतं. मानेची लोंबती कातडी घट्ट करता येते. पोटाची चरबी काढून बसलेल्या गालात भरता येते. सुईनं औषध टोचून कपाळाच्या आठ्या घालवता येतात, पण तो परिणाम चार-सहा महिन्यांत उतरतो. कातडीखालून दोरे घालून ओढतात, तेही फार टिकत नाही. आणि सगळ्यात मोठी ती, जिच्यात कानापुढून आणि कानामागून छेद घेऊन कातडी सोडवायची, आतला पदर वर ओढून शिवायचा, उरलेली कातडी कापून टाकायची.

'आणि त्याच कातडीखालून,' डॉक्टर म्हणाले, 'चेहरा हलवणाऱ्या नसा जातात. आम्ही जपून काम करतो. पण धोका नाही असं म्हणणार नाही.'

मग त्यांनी बाईंच्या हातात आरसा दिला. 'आता तुम्ही सांगा. यातलं तुम्हाला काय नको आहे?'

बाईंनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मुलीकडं वळून म्हणाल्या, 'ईशू, काय सांगू गं?'

डॉक्टरांनी आरसा काढून घेतला. म्हणाले, 'बाई, मी या शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. ज्याला स्वतःला हवी असते, त्याची मी करतो, आणि ती माणसं खूश असतात. पण तुम्हाला काही नकोच आहे. मी तुमची करणार नाही.'

अशा डॉक्टरांना मी इथूनच नमस्कार करतो. पण मंडळी, जगात नाही म्हणणाऱ्याचं दार बंद झालं की हो म्हणणाऱ्याची दहा दारं उघडतात.

ईश्वरीनं पुण्यातलं एक सेंटर शोधलं. काचेचं दार, मंद संगीत, भिंतीवर गोऱ्यापान बायकांची चित्रं. आपल्या देवीच्या मूर्तीलासुद्धा तिथं कुणी म्हटलं असतं, 'मॅडम, जरा डोळ्यांखाली काळं दिसतंय.' तिथं एक सल्लागार मुलगी होती. तिनं बाईंच्या चेहऱ्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं रेघा मारल्या. इथं लोंबलंय, इथं खचलंय, इथं बसलंय. पडक्या घराची पाहणी करतात तशी. बाई पुढं मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'बुवा, तोवर मला माझा चेहरा वाईट वाटला नव्हता. त्या रेघा मारल्यावर वाटायला लागला.'

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आजार नसताना आजारी करतात, आणि मग म्हणतात, औषध आमच्याकडं आहे.

त्या मुलीनं विचारलं, 'मॅडमना काही आजार? बीपी वगैरे?' बाईंच्या पर्समध्ये बीपीची गोळी होती. कितीतरी वर्षं सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. पण ईश्वरीला भीती वाटली की तपासण्या वाढतील, लग्न तोंडावर आलंय. ती पटकन बोलून गेली, 'काही नाही. आई एकदम फिट आहे.' आणि आईनं पर्सची चेन ओढून घेतली.

बघा. आईनं लेकीची ही एक गोष्ट सांभाळायला नको होती. पण आयांना कुठली सांभाळायची आणि कुठली नाही, हे कधी कळलंय?

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाईंनी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली, म्हणून प्रेशर ठीक भरलं. कपाळ, गाल, मान, सगळं एका बैठकीत झालं. डोक्याला पट्ट्या बांधून बाहेर आणलं. पण पुढच्या गोळीची वेळ झाली तेव्हा गोळी कोण देणार? तिथं कुणाला माहीतच नव्हती. रात्रीपर्यंत प्रेशर चढलं, आणि डाव्या गालात कातडीखाली रक्त साचायला लागलं. गाल फुगला, डोळा मिटला, ठणका लागला. नर्सनं पट्टी सोडून बघितली आणि धावत डॉक्टरांना बोलावलं.

तेव्हा ईश्वरी पुढं आली. 'आईला बीपी आहे,' म्हणाली. 'मी खोटं सांगितलं.'

बाईंना परत आत नेलं, टाके उसवले, रक्त काढलं. जीव वाचला. तिथल्या डॉक्टरांनी त्या वेळी धावपळ केली, हे मी नाकारणार नाही. पण सूज उतरल्यावर लक्षात आलं की बोलताना खालच्या ओठाची डावी बाजू मागं राहतेय. हसलं की तोंड एकीकडं जातं. डॉक्टर म्हणाले, नस दुखावलीय, तुटलेली नाही, महिने लागतील. आणि लग्नाच्या आधी कपाळाला ते सुईचं औषधही टोचलं, म्हणजे फोटोत आठी नको.

लग्न झालं. आता विचाराल, लोक काय म्हणाले? लोक खूश झाले. 'अय्या, काय दिसताय!' 'दहा वर्षांनी लहान झालात!' फोटोग्राफरनं कुणी न सांगता त्यांना मधोमध उभं केलं. बाई दिवसभर हसल्या नाहीत, तोंड वाकडं होईल म्हणून. पोटच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात आई हसली नाही, आणि एवढ्या मोठ्या मांडवात ते एकालाही दिसलं नाही. सगळे कातडी बघत होते. सांगा, यात आंधळं कोण?

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बाई वर्गात गेल्या. आफरीन म्हणून सहा-सात वर्षांची एक मुलगी होती, बाईंची फार लाडकी. ती धावत आली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, 'जेवलीस?' पण भुवया हलल्या नाहीत. कपाळ ताठ. भुवयाच वर गेल्या नाहीत, तर त्या लेकराला प्रश्न विचारलाय हे कळणार कसं? ती नुसती बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. आफरीननं हातानं खूण केली: रागावलात? बाई 'नाही, नाही' म्हणत हसायला गेल्या, आणि ओठ वाकडा झाला. पोर दोन पावलं मागं सरली.

मंडळी, साखरपुड्यातला तो हॉल हसला तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेत रडल्या नव्हत्या. त्या दिवशी शाळेच्या भांडारघरात जाऊन रडल्या.

मग त्यांनी काय केलं? त्या शाळेत मुलांना बोलायला शिकवताना आरशासमोर बसवतात, ओठ कसे हलतात ते दाखवायला. बाई स्वतः त्या आरशासमोर बसल्या. मुलांच्या शेजारी, छोट्या बाकावर. प, ब, म पासून सुरुवात.

आषाढात नवी सून माहेरी येते. ईश्वरी आली. एका दुपारी आईचा घरी राहिलेला चष्मा द्यायला शाळेत गेली. दारातून बघते तर काय? आई आरशासमोर बसलीय, शेजारी आफरीन उभी आहे. आफरीन आपलं इवलंसं बोट आईच्या खालच्या ओठावर ठेवून तो डावीकडं ओढतेय, आणि मान हलवून सांगतेय: असा नाही, असा. आई मुकाट्यानं पुन्हा तेच अक्षर म्हणतेय.

ईश्वरी आत गेली नाही. चष्मा शिपाईमामांकडं दिला आणि घरी येऊन अंथरुणावर पडून राहिली. संध्याकाळी आई आली तेव्हा एवढंच म्हणाली, 'आई, मी तुझी मोठी वस्तू मोडली.' आई म्हणाली, 'मोडली नाही, दुरुस्तीला टाकलीय. उठ, चहा टाक.'

श्रावणात सासरी पहिली मंगळागौर. माधवीताईंनी पन्नास बायका बोलावल्या होत्या. कालिंदीबाईही गेल्या. फुगड्या झाल्या, गाणी झाली. शेजारच्या एक बाई ईश्वरीला म्हणाल्या, 'या तुझ्या कोण गं? थोरली बहीण का?' कौतुकानंच म्हणाल्या. कालिंदीबाईंनी हसू आलं तसा पदर तोंडाशी नेला.

ईश्वरीनं आईचा हात धरून खाली घेतला. म्हणाली, 'ही माझी आई आहे. चौसष्ट वर्षांची आहे. लहानपणी मी हिला गेटपर्यंत येऊ दिलं नाही. माझ्या साखरपुड्यात हिला सगळे हसले, त्यात मीही हसले. मग मी हिला चेहरा कापून घ्यायला लावला, आणि हिचं बीपी लपवलं. हिचा जीव जाणार होता. म्हणून हिचा ओठ असा आहे. तुम्ही बहीण म्हणालात ना, त्याची ही किंमत आहे.'

गाणी थांबली. माधवीताई उठून आल्या. 'अगं, पण मी कधी त्यांच्या वयाबद्दल एक शब्द काढला होता का?'

'नाही आई,' ईश्वरी सासूला म्हणाली. 'शब्द कुणीच काढला नव्हता.'

सापडला न्यायाधीश? एक शब्द न काढता ज्यांनी शिक्षा फर्मावली, ते सगळे साखरपुड्याच्या त्या हॉलमध्ये मांडीला मांडी लावून बसले होते.

आता वाटेल, मंगळागौरीच्या त्या बायकांचे डोळे उघडले असतील. ऐका पुढं. थोड्या वेळानं त्यांतल्याच एकीनं कालिंदीबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच विचारलं, 'सगळं ऐकलं हो, वाईट वाटलं. पण दुखतं का फार? आणि नक्की कुठं केलंत?'

मी असतो तर तिथंच कीर्तन लावलं असतं. पण कालिंदीबाई शिक्षिका. शांतपणे म्हणाल्या, 'आरशासमोर एकट्या बसा. कुणाला बोलावू नका. तरीही हवंसं वाटलं तर खुशाल करा, चांगला डॉक्टर मी सांगते, आणि त्याच्यापासून काही लपवू नका. पण दुसऱ्या कुणासाठी करणार असाल, तर त्या माणसाला म्हणा, आधी तू जाऊन ये.'

आणि मंडळी, खोटं सांगणार नाही. बाई मला असंही म्हणाल्या, 'बुवा, मानेचं काम मात्र बरं झालंय. कधीकधी आरशात बघते, छान वाटतं.' आता यावर मी काय बोलणार? त्यांची मान. त्यांना छान वाटतं, तर छान आहे. माझा राग त्यांच्यावर कधी नव्हताच.

ओठ हळूहळू परतला. पंधरा आणे परतला, एक आणा राहिला. आणि दिवाळीची सुटी संपवून बाई शाळेत गेल्या, तोवर कपाळाचं औषध पूर्ण उतरलं होतं. त्यांनी आफरीनला विचारलं, 'सुटीत कुठं गेली होतीस?' आणि भुवया वर गेल्या. कपाळावर तीन आडव्या आठ्या उमटल्या. आफरीन धावत आली. बाकावर चढली, त्या आठ्यांवरून बोट फिरवलं, एकेक करून तिन्हींवरून. मग खाली उतरून सांगायला लागली — मामाच्या गावाला, बकरी होती, विहीर होती — आणि थांबेचना.

आता बापूसाहेब, घ्या सूर. माझं संपत आलं.

मंडळी, तुम्ही कुणावर सुरी चालवली नाहीत, मला माहीत आहे. पण रस्त्यात ओळखीची बाई भेटली की पहिलं वाक्य काय असतं तुमचं? 'किती खराब झालात हो.' 'केस फार पिकलेत वाटतं.' आणि पुरुषहो, तुम्ही? घरात बायको आरशासमोर थांबली, तर तुमचं तोंड उघडतं का? आणि उघडतं तेव्हा काय बाहेर पडतं? सेंटरवाली मुलगी पेन्सिल घेऊन येते ती नंतर. पहिली रेघ आपण मारतो.

आता आरती होईल, मग तुम्ही प्रसादाच्या रांगेत उभे राहाल. पुढं पांढऱ्या केसांची कुणी बाई असेल, हळू चालत असेल. तुमच्या ओठांवर येईल, 'आजी, जरा सरका.' तिथं थांबा. ती तुमची आजी नाही. तिला आधी तिचं नाव विचारा.